मडमची बाभळ

बारामतीहून इंदापूरला जाताना, अंथुर्ण्याच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत एक कौलारू बंगला होता. त्यात एक मडम राहायच्या. त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुमची जीभ वळायची नाही; माझी तीन वर्षांत वळली नव्हती. सगळा मुलूख त्यांना नुसतं 'मडम' म्हणे आणि त्यांना तो मोठा मान वाटे. तसा तो नव्हता, पण हे सांगून त्यांचं समाधान घालवायची मला काय गरज होती?

ही तीस सालानंतरची गोष्ट. मी मडमच्या शाळेत मास्तरीण होते. शाळा म्हणजे बंगल्यामागची पडवी, अकरा मुली आणि एक फळा. त्या फळ्यावर खडू उमटण्यापेक्षा ओरखडे जास्त उमटायचे. मला नवऱ्यानं टाकलेली. सुप्याला माहेरी भाऊ होता, पण भावजयीला माझ्या बसण्या-उठण्याचा आवाज सहन होत नसे. मडमनी मला पडवीलगतची एक खोली दिली होती. मी बाटत नाही याचं मडमना दुःख होतं. मी केव्हाच बाटले अशी गावाची खात्री होती, आणि त्याचं मला अजिबात दुःख नव्हतं. उलट त्यामुळं चौकशा करणाऱ्या बायका माझ्यापासून चार हात लांब राहत.

मडम पन्नाशीच्या, उंच, हाडकुळ्या. त्यांचं मराठी अतिशय शुद्ध होतं. इतकं शुद्ध, की कुणाला कळत नसे. एकदा त्या गवळ्याला म्हणाल्या, "हे सद्गृहस्था, आपल्या दुग्धात जलाचा अंश अधिक आहे." गवळ्यानं हात जोडले आणि म्हणाला, "व्हय जी, समदी देवाची किरपा." दुसऱ्या दिवसापासून त्यानं आणखी पाणी घातलं, कारण मडमला आवडलंय असा त्याचा समज झाला.

आणि खोटं म्हणून त्यांना बोलताच येत नसे. पाटलांच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. सगळ्या बायका पाळण्यात डोकावून पोर किती गोजिरं म्हणत होत्या. मडमनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बालक दिसावयास सामान्य आहे, परंतु हृष्टपुष्ट आहे." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पाटलीणबाई खूश. आता पोराला नजर लागायची नाही म्हणून त्यांनी मडमना दुसरा लाडू वाढला.

शाळेत नियम असा होता, की जी खोटं बोलेल तिनं तास संपेपर्यंत कान धरून उभं राहायचं. असला नियम कुठल्याही शाळेत असतो. पण मडम तो स्वतःला लावत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबानं प्रकृती विचारली. मडम म्हणाल्या, "उत्तम." अंगात ताप होता. साहेबाचा टांगा फाटकाबाहेर पडला आणि बाई फळ्याशेजारी कान धरून उभ्या. तापानं डोळे लाल, पाय लटपटताहेत, आणि अकरा मुली उजळणी म्हणताहेत. मी म्हटलं, "मडम, बसा." तर म्हणतात, "अजून घंटा झालेली नाही." अशा माणसाबरोबर राहणं किती कठीण असतं ते राहिल्याशिवाय कळत नाही.

ज्या कामासाठी त्या सात समुद्र ओलांडून आल्या होत्या, त्या कामाची मात्र बोंब होती. रविवारच्या प्रार्थनेला दोन माणसं. एक स्वयंपाकी शिमोनराव, तो नगरकडचा, जन्मानं ख्रिस्ती. दुसरी मी. शिमोनराव झोपत असे आणि मी निवडायचे तांदूळ घेऊन बसत असे. मडम दोघांना उद्देशून, हजार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात उपदेश करत.

नाताळ आला की मात्र मडमच्या अंगात यायचं. घर 'आमच्या घरच्यासारखे' सजलं पाहिजे. पहिल्या वर्षी त्यांनी हिरव्या पाल्याचं मोठं कडं करून दारावर टांगलं. पाला कुठला, तर कडुनिंबाचा. आमच्याकडं दाराला निंबाचा डहाळा कधी लावतात? घरात देवी आली, फोड उठले की. मी दौंडला मावशीकडं गेले होते, परत येते तो काय, फाटकाबाहेर दहीभाताचा नैवेद्य, रस्ता ओस, गवळी लांबूनच दूध ठेवून पळतोय. मडम मला म्हणाल्या, "हे लोक किती प्रेमळ आहेत, रोज भात आणून ठेवतात." महिनाभर शाळेत एक मुलगी आली नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुण्याहून सुरूचं झाड मागवलं. ते दौंडवरून बारामती स्टेशनात उतरलं आणि तिथंच शेळ्यांनी खाल्लं. मडमनी उरलेला बुडखा घरी आणून त्याला मेणबत्ती लावली.

तिसऱ्या वर्षी पुण्याहून पत्र आलं. मडमच्या वरचे मोठे साहेब नाताळच्या दिवशी स्वतः येणार होते. तीन वर्षांत एकही माणूस प्रार्थनेला जमत नसेल तर हा बंगला कशाला चालवायचा, असं त्यांचं म्हणणं. माणसं दिसली नाहीत तर बंगला बंद, शाळा बंद आणि मडमची रवानगी विलायतेला.

मडमनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि चहा ओतला. म्हणाल्या, "तिकडे माझ्या भगिनीच्या घरी माळ्यावर एक खोली आहे. तिच्या खिडकीतून दुसऱ्या घराची भिंत दिसते." एवढंच. बंगल्याच्या व्हरांड्यातून निरवांगीकडच्या माळापर्यंत सगळं दिसायचं. तिकडं बघत त्यांनी चहा संपवला. मडमला निदान माळ्यावरची खोली होती. माझ्यापुढं सुप्याची भावजय होती.

"यावर्षी घर असे सजवू, की लोक पाहावयास येतील," मडम म्हणाल्या, आणि उठल्याच.

झाड पाहिजे होतं हिरवं आणि टोकदार. कालव्याच्या कडेला टोकदार म्हणजे बाभळ. मडमनी शिमोनरावाकडून एक भलीमोठी फांदी तोडून आणवली. काट्यांमुळं ती दारातून आत जाईना. मग घासलेटच्या पिंपात माती भरून व्हरांड्यातच रोवली. तिला पिकल्या बोरांच्या माळा घातल्या. मुलींनी हात पोचेल तिथवरची बोरं खाल्ली, त्यामुळं झाड कमरेखाली बोडकं आणि वर लालभडक दिसे. रंगीत कागद पुण्याहून आले नाहीत. तेव्हा मडमनी ट्रंक उघडली. जुने पडदे काढले, टेबलावरचं कापड काढलं, आणि तळातून एक निळा रेशमी झगा काढला. "हा माझ्या आईचा," म्हणाल्या, आणि टर्रकन फाडला. त्या झग्याच्या, पडद्यांच्या वीतवीतभर चिंध्या करून आम्ही दिवसभर काट्याकाट्याला बांधल्या. माझे हात रक्ताळले. खाली गोठा मांडला. बाळ, आई, बाप, मेंढ्या आणि मेंढके, सगळं कुंभाराकडून करवलेलं. कुंभारानं आयुष्यात जे मेंढके पाहिले होते तेच केले: डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं.

तुम्ही या भागातले असाल तर एव्हाना कपाळाला हात लावला असेल. माझ्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. इकडं आडवाटेला एखादी बाभळ चिंध्यांनी गच्च भरलेली असते. जाणारा-येणारा आपल्या धोतराची नाहीतर लुगड्याची चिंधी फाडून तिला बांधतो, वाट सुखाची कर म्हणतो आणि पुढं जातो. ती चिंधीआई. तिच्या बुडाशी मातीची जनावरंही ठेवतात. तर आम्ही तीन दिवस खपून, रक्त सांडून, येशूच्या जन्मासाठी चिंधीआईचं ठाणं तयार केलं होतं. आणि ते रस्त्यावरून चांगलं ठळक दिसत होतं.

पहिली आली ठकूआजी. अंथुर्ण्याच्या माळावर तिचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडला होता. तिच्या मेंढ्या लंगडत होत्या. तिनं व्हरांड्याशी येऊन चपला काढल्या, पदराची चिंधी फाडली, बाभळीला बांधली, खाली डोकं टेकलं आणि निघून गेली. मडम खिडकीतून बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

"मास्तरीणबाई, पाहिलेत? तिने गोठ्यातील बाळाला नमस्कार केला."

"हो मडम," मी म्हटलं.

हे पहिलं खोटं. त्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं.

कारण ठकूआजीच्या मेंढ्या सुधारल्या. आपोआप सुधारायच्याच होत्या, थंडीनं खूर दुखत असतील. पण ही बातमी धनगरवाड्यांतून निरवांगीला गेली, तिथून आणखी कुठं कुठं गेली, आणि रोज माणसं येऊ लागली. दहा आली, मग वीस, मग बैलगाड्या. गोठ्यातल्या मातीच्या आईला सकाळी हळदकुंकू लागलेलं असे. पहिल्या दिवशी मडमनी विचारलं, "हे लाल काय?" मी म्हटलं, "कुंभाराचा रंग ओला होता, उतरला असेल." त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशीही पुसलं. तिसऱ्या दिवसापासून पुसायचं सोडून दिलं. मला वाटलं, कंटाळल्या.

शिमोनरावाला सगळं कळत होतं. तो मला म्हणाला, "बाई, हे पाप आहे."

मी म्हटलं, "शिमोनराव, बंगला बंद झाल्यावर तुम्ही कुठं जाणार?"

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "तसं बघितलं तर लोक येतात ते चांगलंच आहे." आणि आलेल्यांच्या चपला नीट ओळीनं लावायला लागला. तत्त्वाची माणसं मला नेहमी आवडतात.

नाताळचा दिवस उजाडला. सकाळी दहाला मोठ्या साहेबांची मोटार आली. साहेब गोरेपान, गोल, आणि पुण्याच्या लष्कर भागात तीस वर्षं काढल्यामुळं मराठी येतं अशा समजुतीत. अंगणात दीडशेच्या वर माणूस बसलेलं. साहेबांनी टोपी काढली ती पुन्हा घालायचं भान राहिलं नाही. मडमनी बाजाची पेटी वाजवून गाणं म्हटलं. माणसांनी शांतपणे ऐकलं; धनगर माणूस मोठा सभ्य. गाणं संपल्यावर कुणीतरी ओरडलं, "आईच्या नावानं..." आणि दीडशे गळ्यांतून आलं, "चांगभलं."

"काय बोलले लोक?" साहेबांनी मला विचारलं.

"आमेन," मी म्हटलं.

साहेब उभे राहिले. त्यांनी इंग्रजीत भाषण केलं आणि मी ते मराठीत सांगितलं. बंगला राहील. शाळेला नवीन छप्पर होईल. बाईंनी वाळवंटात बाग फुलवली, वगैरे. मी मनात खोलीला चुना कुठला द्यायचा ते ठरवायला लागले.

आणि मडम उठल्या. सरळ बाभळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

मला कळलं, अंगणात तेवढं मलाच कळलं. पण बाकीच्यांनी काय पाहिलं असेल? आमच्याकडं माणूस देवापुढं जातो तेव्हा दुसरं काय करतो? ठकूआजी पुढंच बसली होती. ती म्हणाली, "बगा गं, मडमनं आईफुडं कान धरलं." तिनं आपले कान धरले. मागच्या बायकांनी धरले. मग पुरुषांनी पागोटी सावरून धरले. बघता बघता दीडशे माणसं कान धरून बसली, आणि एकटे मोठे साहेब खिशात हात घालून उभे.

"बाई," साहेब मला म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. "मडमसाहेब हे काय करते?"

मी तोंड उघडलं. थाप तयार होती, आणि मी म्हणते चांगली होती. "साहेब, आमच्या मुलखात मोठा पाहुणा आला की त्याचा असा मान करतात."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. तिथंच सगळं निभावलं होतं. इतक्यात मडम मागं न वळता, कान न सोडता म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आपणही धरा."

मग त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, कारण माणसं बसली होती. "तिसऱ्या दिवशी मी ठकूआजींना विचारले, ही कोण? त्या म्हणाल्या, चिंधीआई. मला ठाऊक होते. हे लोक माझ्या देवासाठी आलेले नाहीत. मी गप्प राहिले. मला त्या माळ्यावरच्या खोलीत जावयाचे नव्हते." त्यांचा आवाज एकदा फुटला, पण हात कानावरून हलले नाहीत.

मी इतके दिवस त्यांना फसवत होते, आणि त्या मला. मला राग आला. खोली, छप्पर, चुना, सगळं त्या बाईच्या खरेपणापायी गेलं होतं. मी तो राग गिळला नाही. रागातच चालत गेले, त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि कान धरले. पडवीतली शाळेची घंटा वाजवायला कुणीच नव्हतं, तेव्हा आम्ही किती वेळ उभ्या होतो कोण जाणे.

साहेब न जेवता गेले. पंधरा दिवसांत बंगला बंद करायचा हुकूम आला.

मधल्या काळात मडमनी सजावट उतरवली. त्यांच्याकडं म्हणे नाताळच्या बाराव्या दिवसानंतर झाड ठेवलं तर घराला अवदसा लागते. मी म्हटलं, "मडम, ही अंधश्रद्धा झाली." त्या म्हणाल्या, "नव्हे, ही पद्धत आहे." बाभळीची फांदी तोवर वाळून कडकडीत झाली होती. ठकूआजी आणि चार बायका आल्या, त्यांनी एकेक चिंधी सोडली आणि फाटकाबाहेरच्या जित्या बाभळीला नेऊन बांधली. मडमनी त्यांना पडदे कोणते, टेबलावरचं कापड कोणतं ते सांगत मदत केली.

निघायच्या दिवशी बैलगाडी त्या बाभळीपाशी थांबली. ठकूआजी वाट अडवून उभी होती. तिनं झाडावरची एक निळी चिंधी सोडली आणि मडमच्या हातात दिली.

"लांबची वाट हाय. असू दी."

"आजी, माझा यावर विश्वास नाही," मडम म्हणाल्या. जाताजाताही खरंच बोलायचं होतं त्यांना.

"तुमी नगा ठिवू," ठकूआजी म्हणाली. "ती ठिवंल तुमच्यावर."

मडमनी चिंधी पिशवीत टाकली नाही, मुठीत धरली. गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी हात हलवला नाही. माझा राग अजून गेला नव्हता. आणि माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती असं मी शिमोनरावाला सांगितलं.

मी सुप्याला भावाकडं आले. भावजयीनं मला स्वयंपाकघराच्या मागं, सरपणाशेजारी जागा दिली. वर्षानंतर मडमचं पत्र आलं, मराठीत, काना-मात्रेची एकही चूक नसलेलं. लिहिलं होतं: "खिडकीतून भिंत दिसते. चिंधी मी खिडकीच्या गजास बांधली आहे. काल भगिनीने विचारले, हे काय? मी म्हणाले, पडद्याची दोरी आहे. त्यानंतर अर्धा तास उभी होते. आपण कशा आहात?"

मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले. लिहिलं, मी सुप्याला सुखात आहे, भावजय जीव लावते, जागा ऐसपैस आहे, आपली आठवण क्वचितच येते. पाकिटाला डिंक लावला. आणि सरपणाकडं तोंड करून, कान धरून उभी राहिले.